जुळलेला बैल, जोडलेली गाडी

बीडहून दक्षिणेला निघाले की मांजरसुंब्याला रस्ता फुटतो. एक वाट चौसाळ्यावरून धाराशिव-सोलापूरकडे उतरते, दुसरी नेकनूरवरून केज आणि अंबाजोगाईकडे जाते. नेकनूरची ओळख बाहेरच्यांना दोन गोष्टींमुळे असते: बंकटस्वामी महाराजांचे संस्थान आणि आठवडी बाजार, त्यातही जनावरांचा. या पट्ट्यात जनावरांच्या बाजाराला विशेष वजन येण्याचे कारण ऊसतोडीत आहे. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात पडली की गाडीवाल्याला बैलजोडी लागते आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, उन्हाळा तोंडावर आला, कडबा महागला की तीच जोडी पुष्कळदा पुन्हा बाजारात येते. म्हणजे वर्षातून दोनदा, त्याच मुलखात, वापरून दमलेल्या जिवंत यंत्राची किंमत ठरवावी लागते. विम्याने ‘टोटल लॉस’, म्हणजे संपूर्ण हानी, ठरवलेली, नंतर गॅरेजमध्ये उभी करून विकायला आणलेली मोटार काय भावाने घ्यावी, हा प्रश्न आज बीडच्या रस्त्यावरही पडतो. तो नवा वाटतो, पण त्याचे मूळ जुने आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की निकामी ठरून पुन्हा कामाला लागलेल्या वस्तूची किंमत तिला काय इजा झाली यापेक्षा ती इजा तिच्यासोबत चालत येते की मागे राहते यावर ठरते. बैलाच्या बाबतीत इजा सोबत चालत येण्याची ही सोय आपल्याकडे हळूहळू घडत गेली. मोटारीच्या बाबतीत मात्र ती होता होता राहिली.

बैल पारखायची रीत मुळात पाहण्याची, नंतर बोलण्याची. घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो. दुधाचे दात असलेला तो आदत; साधारण दोन वर्षांनंतर पुढचे दोन पक्के दात आले की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळलेला. त्यापुढे वय दातांच्या झिजेवरून काढायचे. मग खांद्यावर हात फिरवून आवाळू, म्हणजे गाठ, आहे का ते चाचपायचे, खूर दाबायचे, चालवून मागचा पाय ओढतो का ते पाहायचे, आणि सौदा जुळत आला की जुंपून बघायचे, कारण बसका बैल उभा असताना कुणालाच ओळखू येत नाही. एवढे झाल्यावर रुमालाखाली भाव ठरवणारी बोटांची भाषा सुरू होते. मारका, बसका, अंगचोर अशी खोड असेल तर ती भावात उतरते. हेडी लोकांचा, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्यांचा, सगळा धंदा या उतरत्या भावाच्या हिशेबावर चालतो. लंगडणारा बैल लंगड्याच्या किमतीला घेतला तर कुणीही फसलेले नसते. कुळवाला चालेल, उसाच्या गाडीला नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. माल वाईट असणे आणि सौदा वाईट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या बाजारात कुणाला शिकवावे लागत नाही.

यावर कुणी म्हणेल की जनावरांचा बाजार म्हणजे काही धर्मक्षेत्र नव्हे. खरे आहे. शिंगे तासून रंगवली की वयाची वळी जातात. गाय विकायची तर आदल्या वेळी धार न काढता कास तुंबवून आणतात. मारक्या बैलाला कसा शांत ठेवायचा याच्याही युक्त्या आहेत. पण या लबाडीला एक मर्यादा आहे. रंग शिंगाला लागतो, दाताला नाही. शिवाय बैल ज्या पंचक्रोशीतून येतो ती पंचक्रोशी बाजारात हजर असते. कुणाच्या दावणीचा, कुणाच्या गाडीला होता, गेल्या हंगामात कुठल्या कारखान्यावर गेला होता, हे विचारायला माणूस सापडतो. बैलाचा इतिहास कागदावर नसला तरी लोकांच्या तोंडी असतो, आणि तो इतिहास चाळीस-पन्नास मैलांपलीकडे जात नाही तोवर चोख चालतो. फसवणूक थांबवणारी गोष्ट इथे विक्रेत्याचा प्रामाणिकपणा नसून त्याचा पत्ता सापडण्याची शक्यता आहे.

कायद्याने या व्यवहाराकडे पाहिले ते मात्र दुसऱ्याच बाजूने. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या आहे, आणि तिच्याखाली समजावणीसाठी दिलेली पहिली तीन उदाहरणे जनावराचीच आहेत. अ हा ब ला लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे अ ला माहीत आहे. अ गप्प राहतो. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. पुढच्या उदाहरणात ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे बोलणे बापाचे कर्तव्य ठरते. आणखी एका उदाहरणात ब म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन’, आणि अ तरीही गप्प बसतो; इथे मात्र त्याचे गप्प बसणे बोलण्यासारखेच धरले जाते. कलम १९ त्यात भर घालते: साधी तपासणी करून दोष कळण्यासारखा असेल, तर नुसत्या गप्प बसण्याच्या जोरावर करार मोडता येत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यानेही, काही अपवाद ठेवून, पाहून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली. नेकनूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद १९४८ मध्ये भारतात आले आणि हे भारतीय कायदे या भागाला १९५१ साली लागू झाले. कायदा नवा असला तरी त्यातला घोडा बाजाराच्या ओळखीचा होता. ज्याला दात बघता येतात त्याच्याशी विक्रेत्याने बोलण्याची सक्ती कशाला, असा त्यामागचा विचार दिसतो, आणि घोड्या-बैलापुरता तो अगदीच चुकीचा नाही. अडचण पुढे आली, जेव्हा त्याच कलमांखाली अशी वस्तू विकली जाऊ लागली जिचे दात रंगाखाली असतात.

मोटारीकडे वळण्याआधी बैलाच्या शेवटाबद्दल बोलायला हवे, कारण ‘टोटल लॉस’ची कल्पना तिथे अगदी उघडी दिसते. १९७६ चा महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा १९७८ च्या एप्रिलपासून अमलात आला. त्याने गोहत्येवर बंदी घातली. बैलाच्या बाबतीत मात्र तो ओढकामाला, शेतीला किंवा पैदाशीला उपयोगी राहिलेला नाही असा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला असेल तर कत्तलीला परवानगी ठेवली. जनावर संपले असे सरकारी कागदावर लिहून देण्याची ही व्यवस्था होती. त्या दाखल्यामुळे थकलेल्या बैलाच्या किमतीला एक तळ होता. कितीही म्हातारा, कितीही खोडील असला तरी त्याखाली भाव जात नसे, आणि तरण्या बैलाचा भावही शेवटी हा तळ धरूनच बांधला जाई. ४ मार्च २०१५ पासून सुधारित कायद्याने बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि तो तळ निघून गेला. त्या निर्णयाची धार्मिक-राजकीय बाजू हा या लेखाचा विषय नाही. हिशेबाच्या बाजूने एवढेच दिसते की वस्तूच्या अखेरच्या किमतीला हात लागला की तिच्या पहिल्या किमतीलाही हात लागतो. दुष्काळात हे जास्त टोचते: चारा नाही, छावणीत दावण, आणि विकायचा म्हटला तर थकल्या बैलाला गिऱ्हाईक नाही.

विम्याने बैल आणि मोटार या दोघांनाही जवळ केले, पण दोघांना वेगळे नियम लावले. जनावराच्या विम्यात कानाला बिल्ला मारतात. जनावर मेले तर दाव्यासोबत तो बिल्ला परत द्यावा लागतो. बिल्ला नाही तर दावा नाही, हे गोठ्यातल्या पोरालाही पाठ असते. यामागचा हेतू साधा आहे: एकदा पैसे दिले की त्या जनावराची ओळख विमा कंपनीकडे जमा व्हावी आणि त्याच ओळखीवर दुसरे जनावर पुन्हा मरू नये. मोटारीच्या विम्यात नेमके उलट घडत आले: पैसे दिल्यावरही गाडीची ओळख बाजारातच राहिली. भारतात मोटारींच्या तृतीय-पक्ष विम्याची सक्ती १९४६ पासून आली, १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली. १९७३ मध्ये सामान्य विमा सरकारी झाला, २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, आणि २००२ च्या मोटार दरपत्रकाने गाडीच्या विमित किमतीचे, म्हणजे आयडीव्हीचे, गणित ठरवून दिले. गाडीच्या कंपनीने जाहीर केलेल्या विक्री किमतीतून वयानुसार घट धरायची: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०, त्यापुढे दोन्ही बाजूंच्या संमतीने. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा वर गेला की गाडीची संपूर्ण हानी झाली असे धरायचे.

हा ७५ टक्क्यांचा आकडा नीट पाहण्यासारखा आहे, कारण ‘टोटल लॉसची गाडी म्हणजे मेलेली गाडी’ ही समजूत इथेच ढासळते. समजा गाडी मूळ ८ लाखांची, वय अडीच वर्षे. ३० टक्के वजा जाता विमित किंमत ५ लाख ६० हजार. सर्व्हेअरसमोर अधिकृत वर्कशॉपचा अंदाज आला ४ लाख ५० हजारांचा, सगळे सुटे भाग नवे धरून. मर्यादा ४ लाख २० हजारांची, म्हणजे गाडी बाद. पण तिचे इंजिन चालू असेल, मागचा सगळा भाग शाबूत असेल; फक्त बॉनेट, रेडिएटर, एक बाजू आणि एअरबॅगा गेल्या असतील. तीच गाडी लिलावात दोन लाखांना गेली आणि जुने भाग शोधून कुणी दीड लाखात उभी केली, तर ती साडेतीन लाखांत रस्त्यावर येते. यात चमत्कार नाही आणि गुन्हाही नाही. वर्कशॉपच्या मजुरीत आणि भंगार बाजारातल्या सुट्या भागांच्या भावात जे अंतर आहे त्यावर हा धंदा उभा आहे. पत्रा ठोकून सरळ करणारा कारागीर आपल्याकडे हुशार आहे आणि त्याच्या हाताची किंमत कमी धरली जाते. बाद गाड्यांचा व्यापार याच दोन गोष्टींवर पोसला जातो.

गुन्हा सुरू होतो तो कागदाशी. लिलावाच्या भाषेत बाद गाडी ‘विथ आरसी’ किंवा ‘विदाऊट आरसी’, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रासह किंवा त्याविना, विकली जाते. आरसी नसलेली गाडी सुट्या भागांच्या भावाने जाते. आरसी असलेली महाग जाते. या दोन भावांतला फरक हा लोखंडाचा फरक नाही, तो ओळखीचा भाव आहे, आणि बैलाच्या कानातल्या बिल्ल्याने जे दार बंद केले तेच दार इथे उघडे राहिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते की वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, म्हणजे नोंदणी रद्द होईल. पण ‘७५ टक्क्यांपेक्षा महाग’ आणि ‘कायमचे निकामी’ या दोन गोष्टी एकच नाहीत. मधल्या सगळ्या गाड्या कलमाच्या फटीतून निसटतात. आरसीवर ‘हिचा दावा संपूर्ण हानीचा झाला होता’ असा शेरा आपोआप उमटत नाही. त्या कोऱ्या जागेचे दोन उपयोग होतात. एक सौम्य: दुरुस्त गाडी निर्दोष म्हणून विकायची. दुसरा जहाल: चोरीच्या गाडीवर बाद गाडीचा चेसिस नंबर ठोकायचा आणि मेलेल्या गाडीच्या कागदावर जिवंत गाडी चालवायची.

पुराच्या गाड्यांनी हा प्रश्न महाराष्ट्रात घराघरांत नेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईच्या तळमजल्यांवरच्या, रस्त्यांवरच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पुढे २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत, २०२१ ला महाड-चिपळूणला तेच झाले. अपघाताची गाडी निदान कुठे आपटली ते सांगते. पाण्यातून काढलेली गाडी सुरुवातीला उत्तम चालू शकते आणि मग वायरिंग एकेका ठिकाणी सोडू लागते. २०२१ मध्येच नवी मुंबई पोलिसांनी पुरात खराब होऊन भंगार म्हणून विकल्या गेलेल्या गाड्या नंबर बदलून ग्राहकांच्या गळ्यात मारणारी टोळी पकडली. अशा गाड्या त्यांच्या मूळ शहरात राहत नाहीत, आणि यात आश्चर्य नाही. बैलाचा इतिहास पंचक्रोशीत राहतो म्हणून तो टिकतो. गाडीचा इतिहास पुसायचा तर तिला पंचक्रोशीबाहेर नेणे हा सर्वांत स्वस्त उपाय. एमएच-१२ किंवा एमएच-०४ ची गाडी बीडमध्ये एमएच-२३ च्या गर्दीत उभी राहिली की तिला ओळखणारे कुणी उरत नाही. तिला धडक कुठे बसली हे माहीत असलेला गॅरेजवाला इथून शेकडो किलोमीटरवर असतो.

तरी गाडीलाही दात असतात; फक्त ते बघण्याची रीत अजून हेडीच्या पारखीइतकी सार्वत्रिक झालेली नाही. सीटबेल्ट नुसता लावून बघायचा नसतो, तो शेवटपर्यंत ओढून काढायचा असतो: गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर मातीची रेघ असेल तर पाणी तिथवर चढले होते. सीटच्या खालच्या रुळांवरचा गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, दारांच्या काचांवरची उत्पादनाची वर्षे एकमेकांशी न जुळणे, बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, दाराचे रबर सोलल्यावर खांबावर दिसणारा हाताने केलेला वेल्डिंगचा टाका, या सगळ्या खुणा पाहायच्या असतात: कंपनीचे स्पॉट-वेल्ड ठरावीक अंतराने, एकसारखे असतात, गॅरेजचे नसतात. पुट्टी भरलेल्या पत्र्याला चुंबक नीट चिकटत नाही. हे सगळे करायला अर्धा तास लागतो आणि विक्रेता जर एवढ्यालाही घाई करू लागला, तर तपासणी तिथेच पूर्ण झाली असे समजायला हरकत नाही. शिवाय १८७२ च्या कायद्यातले ते तिसरे उदाहरण आजही वापरता येते. ‘गाडीचा टोटल लॉस झालेला नाही असे मी धरून चालतो’ हे वाक्य विसाराच्या पावतीवर लिहून त्याखाली विक्रेत्याची सही मागायची. गप्प बसण्याला परवानगी देणारा कायदा खोटे लिहून देण्याला परवानगी देत नाही.

आता एक गंभीर आक्षेप. आरसीवर असा कायमचा शेरा पडू लागला तर नीट दुरुस्त केलेल्या गाडीवरही डाग बसेल, तिचा भाव पडेल, आणि ज्याला नवी गाडी परवडत नाही त्या शेतकऱ्याचे, भाजीवाल्याचे स्वस्त वाहन बाजारातून जाईल. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. बीड जिल्हा टाकाऊ मोटारीवर जगायला शिकलेला आहे. जुन्या मोटारीच्या चाकांवर बांधलेली टायरगाडी ओढत इथल्या किती पिढ्यांनी ऊस कारखान्यावर नेला. पण टायरगाडीला कुणी नवा ट्रक म्हणून विकले नाही. आक्षेपातले ‘भाव पडेल’ हे वाक्य तपासले तर त्यातच उत्तर आहे: भाव कुणासाठी पडेल? घेणाऱ्यासाठी पडला तर त्याचे भलेच झाले. त्याला आज साडेपाच लाख मोजून जी गाडी मिळते तीच तो उद्या शेऱ्यासह साडेतीन-चारला घेईल. तोटा होतो तो मधल्या माणसाचा, जो बाद गाडीचा भाव देतो आणि निर्दोष गाडीचा भाव घेतो. इंग्लंडमध्ये बाद गाड्यांचे वर्ग केलेले आहेत आणि २०१७ च्या ऑक्टोबरपासून ते ए, बी, एस, एन असे चार आहेत: ए आणि बी रस्त्यावर परत येऊ शकत नाहीत, एस म्हणजे सांगाड्याला इजा झालेली, एन म्हणजे सांगाडा शाबूत. एस आणि एनच्या गाड्या तिथे उघडपणे विकल्या जातात, त्यांचा वेगळा, उतरता भाव चालतो. धंदा मेला नाही. त्याने खोड सांगायला सुरुवात केली. आपल्याकडे सांगाडा आणि पत्रा हा फरक गॅरेजवाला पहिल्या नजरेत करतो, कागद मात्र अजून करत नाही.

किंमत किती धरावी याला एक ठरलेला टक्का देणारे लोक भेटतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. पत्रा-बॉनेट बदललेल्या गाडीची आणि खांब कापून जोडलेल्या गाडीची घट एकच कशी असेल? पाण्यातून निघालेल्या गाडीला तर मी सुट्या भागांच्या भावावर चार पैसे, यापलीकडे किंमत मानणार नाही. हेडीचा हिशेब इथे जास्त उपयोगी आहे: हाच दोष तोंडाने सांगून पुढच्या बाजारी मला ही किती रुपयांना विकता येईल? तो आकडा आजची खरी किंमत. दोष लपवूनच परत विकता येईल असा आकडा मनात धरून घेतलेली गाडी घेणाऱ्याला आधीच त्या लबाडीत भागीदार करून ठेवते.

बैलाचा इतिहास आता कागदावरही आला आहे: राज्यात जून २०२४ पासून कानाला बारा आकडी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद झाली. त्या आकड्यावर बैलाचे वय, लसीकरण आणि मालकबदल संगणकात पाहता येतात. आता वरच्या उदाहरणातली ती बाद होऊन पुन्हा उभी राहिलेली मोटार घ्या. तिला चौथे वर्ष लागले आणि नवा मालक विमा काढायला गेला, तर विमित किंमत कशी निघते? मूळ ८ लाख, चार वर्षांपर्यंतच्या वयाचे ४० टक्के वजा: ४ लाख ८० हजार. गणितात फक्त वय असते, इतिहासाला रकानाच नाही. ज्या गाडीला विम्याच्या धंद्याने एकदा संपूर्ण हानी म्हणून पैसे मोजले, तिलाच तो धंदा पुन्हा निर्दोष गाडीची किंमत लावून हप्ता घेतो, आणि ती दुसऱ्यांदा आपटली की याच ४ लाख ८० हजारांवर पुन्हा ७५ टक्क्यांचा हिशेब मांडतो.